कॅरव्हॅन ओढायला गाडी हवी

डॉ. श्रीनिवास हर्डीकरांनी कॅरव्हॅन घेतली तेव्हा ती ओढायची कशानं, हा प्रश्न त्यांना पडला नाही. तो त्यांच्या पत्नीला, अलकाताईंना पडला.

झालं असं, की हॉस्पिटलातले एक सर्जन रिटायर होऊन स्पेनला निघाले होते. कुणाचं तरी अपेंडिक्स काढता काढता त्यांनी आपली गाडीमागं ओढत न्यायची, चार जण झोपतील अशी कॅरव्हॅन विकायची असल्याचं सांगितलं. डॉक्टर पेशंटच्या उशाशी बसले होते, कारण भूल देणं हा त्यांचा धंदा. पेशंट शुद्धीवर यायच्या आत व्यवहार पुरा झाला होता. त्या दिवशी भूल नक्की कुणाला दिली होती, असं अलकाताई पुढं चारचौघांत विचारत.

साउथहॅम्प्टनच्या घरासमोर ती पांढरी पेटी येऊन बसली. हॉलमधला उजेड गेला आणि घरची छोटी हॅचबॅक रस्त्यावर आली. हॅचबॅकनं कॅरव्हॅन ओढणं म्हणजे पोस्टमननं सायकलवरून कपाट नेण्यासारखं होतं.

"जुलैत आई-दादा पुण्याहून येतायत," अलकाताईंनी निक्षून सांगितलं. "तोवर ही जागची हलली तर ठीक. नाहीतर विकून टाकायची. सातासमुद्रापलीकडे लेकीकडे यायचं आणि खिडकीतून बघायचं काय, तर पत्रा!"

डॉक्टरांना सासू-सासऱ्यांना स्कॉटलंडचे तलाव दाखवायचे होते. काठावर कॅरव्हॅन, दारात खुर्च्या, हातात चहा. एवढ्या एका चित्रापायी त्यांनी कॅरव्हॅनची मासिकं परीक्षेसारखी वाचून काढली. ओढणारी गाडी कॅरव्हॅनहून चांगली जड हवी. डिझेल हवी, कारण चढावर डिझेल दमत नाही. नवी परवडत नाही, तेव्हा वापरलेली. पण वापरलेली म्हणजे एकहाती, खालून न गंजलेली, आणि बोटी उतरवायला खाऱ्या पाण्यात न घातलेली. एका विकणाऱ्यानं ते पोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. डॉक्टर तिथून चहाही न घेता परतले. थंड डिझेल इंजिन खोटं बोलत नाही, दुखणं लगेच दाखवतं, असं मासिकात छापलं होतं.

मग जूनमध्ये न्यू फॉरेस्टमधल्या एका खेड्यातली जाहिरात आली. रविवारी सगळे निघाले.

"हे बघा," वाटेत अलकाताई म्हणाल्या, "आवडली तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही. तुम्ही नुसतं 'हूं' म्हणा. नावं मी ठेवते. मग आपण निघायचं. फाटकापर्यंत पोचायच्या आत तो हाक मारतो की नाही बघा."

"आणि नाही मारली तर?"

"तुळशीबागेत कधी कुणी मारल्याशिवाय राहिलंय?"

"आई, हा तुळशीबाग नाही आहे," मागून सोळा वर्षांची मीनल म्हणाली. "इथं लोक असं नाही करत. सो एम्बॅरसिंग!"

"तू गप्प बस. तुझा फ्रिज असाच आणलाय मी."

"माझा फ्रिज?"

"आपला. ज्यातलं रोज खातेस तो."

गाडीचे मालक मिस्टर पेटिफर हे रिटायर्ड हेडमास्तर निघाले. उंच, कार्डिगन घातलेले, आणि इतके सज्जन की गाडीबद्दल विचारायच्या आधी त्यांनी प्रवास कसा झाला ते विचारलं. फाटकाशी हिरवी जपानी फोर-बाय-फोर उभी होती. डॉक्टरांनी बॉनेटवर हात ठेवला. थंडगार. किल्ली फिरवली तर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, धूर नाही, खोकला नाही. ते पाठीवर सरपटत खाली गेले. घासूनपुसून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखा स्वच्छ तळ!

"हूं," ते बाहेर येऊन म्हणाले; पण ते 'हूं' इतकं गोड आलं की अलकाताईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"रंग जरा उदास आहे, नाही?" त्यांनी सुरुवात केली.

"हो का?" पेटिफर म्हणाले. "माझ्या कधी लक्षात आलं नाही."

"सीट किती कडक! आवाज तर ट्रॅक्टरचा. आणि एवढं उंच चढायचं कसं साडी नेसून? माझे आई-वडील म्हातारे आहेत." मग मराठीत, "अहो, तोंड वाकडं करा ना!"

डॉक्टरांनी असं तोंड केलं की पेटिफरनी बरं वाटत नाही का म्हणून चौकशी केली.

"खरं सांगू?" अलकाताईंनी शेवटचा घाव घातला. "म्हाताऱ्या माणसांना घेऊन ही गाडी जोखमीचीच वाटते आम्हाला." आणि नवऱ्याचा दंड धरून त्या फाटकाकडे चालू लागल्या.

पेटिफर खरंच मागून आले. त्यांनी फाटक उघडून धरलं.

"मॅडम, मी तुमचा आभारी आहे," ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता. "मी शाळामास्तर, यंत्रातलं मला कळत नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मी ही कुणाच्या तरी आईवडलांच्या गळ्यात मारली असती. आता कुणालाच विकणार नाही. उद्या भंगारवाल्याला बोलावतो."

हॅचबॅक वळणापर्यंत गेली तरी अलकाताई आरशात बघत होत्या. "मारतील हाक. असंच करतात."

"ते आजोबा ऑलमोस्ट रडत होता," मीनल म्हणाली. "आई, तू त्याचा गाडीला मारून टाकली."

डॉक्टरांनी कुंपणाशी गाडी थांबवली. लग्नापासून ते अलकाताईंवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते. आताही चढवला नाही, फक्त जरा ठासून बोलले. "अलका, परत जायचंय. आणि आता तू त्या गाडीला चांगलं म्हणायचंस."

"मी? अहो, भाव वाढवेल तो!"

"भंगारात चाललीय ती. भाव कसला वाढवतोय तो?"

परत गेले तर पेटिफर गाडीच्या टपावरून हात फिरवत होते आणि शेजारी मिसेस पेटिफर उभ्या होत्या. घ्यायच्या वस्तूला चांगलं म्हणायची अलकाताईंच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. पण एकदा हातात घेतलेलं काम त्या अर्धवट सोडत नसत.

"रंग खरं म्हणजे फार भारदस्त आहे," त्या म्हणाल्या. "आणि सीट कडक, म्हणजे पाठीला आधार. हे डॉक्टर आहेत, ह्यांना विचारा!"

डॉक्टरांचा तर बांधच फुटला. "मिस्टर पेटिफर, असं इंजिन शोधून सापडत नाही. आणि खाली गंजाचा ठिपका नाही हो! मागं कॅरव्हॅन लावलीत तर चढ आहे हे कळणारसुद्धा नाही. सकाळी निघायचं, स्कॉटलंड गाठायचं, तलावाच्या काठी दारात खुर्ची टाकायची. धुकं वर चढतंय, किटली वाजतेय…"

म्हातारा-म्हातारी हातात हात घालून ऐकत होती. किटलीपाशी मिसेस पेटिफरनी डोळे पुसले.

"हेन्री," त्या म्हणाल्या, "आपण ही विकतोय कशाला?"

"तूच म्हणालीस, आता कुठं जायचंय आपल्याला."

"मी चहा करताना म्हणाले होते ते. तू लगेच जाहिरात दिलीस!"

पेटिफर शरमून म्हणाले, "डॉक्टर, मला क्षमा करा. ही आता आम्ही ठेवूनच घेतो. पण ती तुमची कॅरव्हॅन… ती सध्या कुठं असते?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, पण उत्तर अलकाताईंनी दिलं. "आमच्या दारात. केव्हाही या!"

पुढच्या रविवारी हिरवी गाडी साउथहॅम्प्टनला आली. अलकाताईंनी कॅरव्हॅनची किंमत बरीच चढवून सांगितली, उतरायला जागा हवी म्हणून. मिसेस पेटिफर आत गेल्या, पलंगावर बसल्या, कपाट उघडून "लव्हली" म्हणाल्या, ओट्याला "लव्हली" म्हणाल्या. मिस्टर पेटिफरनी बॉनेटवर ठेवूनच चेक लिहिला. चहा झाला, कॅरव्हॅन जोडली, आणि डॉक्टर एक महिना सांगत होते तश्शीच ती अलगद चढावरून निघून गेली. डॉक्टर ती दिसेनाशी होईपर्यंत फुटपाथवर उभे होते.

हॉलमध्ये लख्ख ऊन आलं होतं. त्या उन्हात अलकाताई चेक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि चेहरा एखादा दागिना हरवल्यासारखा.

"काहीच बोलले नाहीत हो."

"कोण?"

"ते दोघं. एक खोड काढली नाही. अहो, दाराला पोचा होता, तो मी स्वतः बघितलाय! त्याबद्दलसुद्धा चकार शब्द नाही. आहे तो आकडा लिहून मोकळे."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसलं? शहाणीसुरती माणसं. अशी मुकाट्यानं कोण घेतं? कुणी घेतं का?" त्या दारातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. "काहीतरी असणार तिच्यात. आपल्याला कळलंच नाही. हातची घालवली आपण."

मीनलनं कपाळाला हात लावला. अलकाताई तिरीमिरीत उठल्या.

"आई-दादा यायला अजून अवकाश आहे. तश्शीच दुसरी बघा एखादी. पण ह्या खेपेला गाडी आधी!"

डॉक्टरांनी सोफ्याच्या गादीखालून शुक्रवारचा पेपर काढला आणि बायकोपुढं धरला. गाड्यांच्या जाहिरातींवर शाईचे गोल काढून झालेले होते.