घोरणे: दोन ते नऊ, आणि अकरा

काकूंच्या हातातून बुटांचं खोकं निसटलं आणि आतली कार्डं घरभर उधळली. काही सोफ्याखाली गेली, काही फ्रिजखाली, आणि एक तर म्हणे खिडकीतून उडत जाऊन समोरच्या बिल्डिंगमधल्या भांडखोर म्हाताऱ्याच्या चहात पडलं. तो त्या दिवशी भांडला नाही म्हणतात, म्हणजे पडलंच असणार.

काकू मटकन खाली बसल्या. "मेले मी! तासाभरात वर्गात पोचायचंय!"

"तू आवर तुझं, मी लावून देतो," काका म्हणाले. "अकारविल्हेच ना?"

काकांनी उभं आयुष्य टपालखात्यात पत्रं लावण्यात घालवलं होतं. त्यांच्यासमोर वाळू ओतली असती तरी त्यांनी कणन् कण क्रमानं लावून दिला असता.

"पण वाचत बसू नका हं," काकू जरा घाईनंच म्हणाल्या.

"छे! पत्ता बघायचा, मजकूर वाचायचा नाही. खात्याचा नियम."

काकू आरशासमोर पळाल्या. आज सूची बनवायच्या कार्यशाळेचा शेवटचा दिवस होता. जाड पुस्तकाच्या शेवटी, कुठली गोष्ट कुठल्या पानावर ते सांगणारी यादी असते ना, ती. ती करायला माणूस लागतो हे काकूंना साठी उलटल्यावर कळलं आणि त्या या कामाच्या प्रेमातच पडल्या. टेलिफोन एक्स्चेंजात बसून त्यांनी जगाची नावं जगाला जोडून दिली, पण त्यांचं नाव कुठं म्हणून छापून आलं नाही. आता एका बड्या डॉक्टरांचं आत्मचरित्र छापायला जायचं होतं. सगळ्या वर्गानं त्याचीच सूची करायची, ज्याची उत्तम ठरेल त्याला ते काम, आणि शेवटच्या पानावर 'सूची:' असं लिहून पुढं त्याचं नाव!

शिकवणाऱ्या बाई मोठ्या कडक. नुसतं ऐकवायच्या नाहीत, हातात कार्डं द्यायच्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "घरातलंच काहीतरी घ्या आणि हात बसवा. काय घडतं, कितव्या तारखेला घडतं, नोंदवत जा. आणि जे रोजचंच आहे त्याच्यापुढे आकडे मोजत बसू नका, सरळ 'सर्वत्र' लिहा."

काकूंच्या घरात सतत काहीतरी घडवणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे काका. महिनाभर काकूंनी काकांवर हात बसवला. बाईंचे नियम जेवताना काकांना ऐकवले आणि काकांची कार्डं त्याच खोक्यात पुस्तकाच्या कार्डांमागे, रबरबँड लावून लपवून ठेवली.

तो रबरबँड सकाळी खोकं पडलं तेव्हाच तुटला होता. हे काकूंच्या लक्षात आलं, पण केव्हा? वर्गात बाईंनी खोक्याला हात घातला तेव्हा.

समोर खुद्द डॉक्टर बसले होते, शेजारी त्यांची बायको. ती आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती.

"वा! काय सुरेख क्रम लावलाय," बाई म्हणाल्या आणि मोठ्यानं वाचू लागल्या. "कात्री, पोटात राहिलेली: तेहतीस. कुत्रा, लाडका: बारा, एकोणीस, चाळीस ते सेहेचाळीस. घोरणे: दोन ते नऊ, आणि अकरा."

डॉक्टरांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"चष्मा, कपाळावर असताना घरभर शोधणे: तीन, सात. जांभई, बायको बोलत असताना देणे: चार, पाच, सहा…"

"थांबा! हे माझ्या पुस्तकात नाही!"

"तेच म्हणतेय मी," डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच बोलल्या. "इतकं खरं तुम्ही कुठलं लिहायला? वाचा हो बाई, पुढं वाचा."

काकूंना धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. "अहो, ती कार्डं… ती वेगळी…"

"टाके, घालणे: चोपन्न. टॉवेल, ओला, पलंगावर टाकणे: एक ते तीस."

"इथं 'सर्वत्र' चाललं असतं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग फिस्सकन हसला.

"पण काय हो," डॉक्टरीणबाई काकूंकडे वळल्या, "दोन ते नऊ आणि अकरा. मग दहाला काय झालं?"

"दहाच्या रात्री हे बहिणीकडे होते, आणि बारापासून मी कानात कापूस घालून झोपते," काकूंच्या तोंडून निघून गेलं.

मग सगळं सांगावंच लागलं. डॉक्टर लालबुंद झाले. "माझ्या आयुष्यात यांचा नवरा! हे काम यांना मिळणार नाही!"

बाईंनी पुढचं कार्ड काढलं. "पत्नी: सत्त्याऐंशी."

"हे कुणाचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हे पुस्तकातलंच आहे," काकू खाली मान घालून म्हणाल्या. "मी दोनदा तपासलं. एवढंच सापडलं."

"कुत्र्याला किती पानं होती म्हणालात?"

डॉक्टरांनी चष्मा शोधायला खिसे चाचपले. तो कपाळावरच होता.

"मी… पुस्तक जरा परत नेतो," ते शेवटी म्हणाले. "एकदा बघतो."

"बघू नका, लिहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि सूची याच करतील. यांची नजर बारीक आहे."

"म्हणजे पानं सरकणार, सगळे आकडे बदलणार," बाईंनी खोकं काकूंच्या हातात दिलं. "पहिल्यापासून करा. नाव तुमचंच छापू. फक्त या खेपेला नवरा वेगळ्या खोक्यात ठेवा."

दुपारी काकू तरंगतच घरी आल्या. काका आतल्या खोलीत आडवे झाले होते.

"मिळालं हो काम! पण खरं सांगा, सकाळी कार्डं वाचलीत की नाही?"

"छे! नुसता पत्ता," आतून आवाज आला.

काकू टेबलाशी बसून काकांची कार्डं वेगळी काढू लागल्या. बाईंचं वाचन 'प'पाशीच थांबलं होतं. पुढं 'ब'मध्ये एक अनोळखी कार्ड निघालं. अक्षर टपालखात्यातलं, गोलगरगरीत: 'बायको, टोमणे मारणे: सर्वत्र.'

"अहो!" काकू कडाडल्या.

आतून घोरण्याचा आवाज आला. दणदणीत, आणि जरा जास्तच लवकर.

काकूंनी क्षणभर कान दिला. मग एक कोरं कार्ड ओढलं, 'घोरणे, खोटे' असं लिहिलं आणि पुढं आजची तारीख टाकली.