दिगंबरभाऊंचं चालतं भाषण

आमच्या शेजारच्या दिगंबरभाऊंना एका जागी उभं राहून भाषण करता येत नाही. माइकसमोर गेले की ते दोनदा खाकरतात, पाण्याचा पेला रिकामा करतात आणि म्हणतात, "चाला, उठा. बसल्या बसल्या कोनाले प्रेरणा भेटली हाये?" मग स्टेजवरून उतरून सरळ रस्त्याला लागतात. हातात बिनतारी माइक. त्यांच्या मागे लगेच मी, स्कूटीवर भलामोठा स्पीकर बांधून. आणि आजूबाजूला श्रोते, ज्यांना चहा कधी मिळणार हे कोणीच सांगितलेलं नसतं.

हे काम मी मागितलं नव्हतं. शाळेत मराठी शिकवतो, घरी स्कूटी आहे आणि नाही म्हणता येत नाही, एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली. माझे सगळे रविवार त्यात गेले. बायको म्हणते, "इतवारी तुमी घरी सापडले तं फोटो काढून ठेवीन."

भाऊ ऑलिंपिकला जाऊन आलेले आहेत. थापा नाहीत, खरोखर जाऊन आलेत. चालण्याच्या शर्यतीत. वीस किलोमीटर, पण धावायचं नाही. एक पाय कायम जमिनीला लागलेला हवा आणि टेकलेल्या पायाचा गुडघा ताठ हवा. त्यामुळे कंबर अशी काही हलते, की रिठद गावच्या एका आजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "याले दवाखान्यात काहून नाई नेत बावा?"

आयोजकांना ऑलिंपिक म्हटलं की पदक दिसतं. सूत्रसंचालक "सुवर्णपदकाचे मानकरी" असं ठोकून देतो. भाऊ लगेच माइक ओढून घेतात. "पदक-बिदक काई नाई. मी शेवटचा आलतो." अध्यक्षांचा चेहरा पडतो, हार घेऊन उभ्या असलेल्या माणसाला पुढे व्हावं की मागे, ते कळत नाही. मी किती वेळा सांगितलं, भाऊ, हे जरा उशिरा सांगत जा. "काहून? निकाल तं आधीच लागेल हाये ना," असं म्हणून ते बुटाची नाडी आवळतात.

चालत्या भाषणाचे प्रकार काय सांगावेत. इंझोरीला लोकांना वाटलं, निवडणुकीची फेरी आहे. बायका दारात येऊन निशाणी विचारू लागल्या. रिठदला भाषण आठवडी बाजारातून गेलं आणि निम्मे श्रोते पिशव्या भरून परस्पर घरी गेले. उरलेले भाऊंच्या वेगामुळे गळतात. कारण हा माणूस रंगात आला की त्याची चाल वाढते. "मेहनत" म्हणेपर्यंत लोक सोबत असतात, "जिद्द" येते तेव्हा ते पुलावर बसून धापा टाकत असतात. स्कूटीचे हाल निराळेच. त्या वेगाला तिला ना पळता येतं ना थांबता येतं. दोन्ही पाय घासत, मनगट आखडून मी मागे, आणि जरा अंतर पडलं की भाऊ मान न वळवता माइकमधून ओरडणार, "सर, जवळ राहा."

भाषण कधी पूर्णही होत नाही. "आन् मंग शेवटचा फेरा लागला..." इथपर्यंत येतं, तोवर ऐकायला फक्त मी उरलेलो असतो. मग भाऊ माइक बंद करतात. "पुढचं तुमाले मालूमच हाये." मला काहीही मालूम नसायचं. पण विचारलं तर आणखी एक किलोमीटर वाढेल, या भीतीने मी गप्प बसायचो.

शेवटी मी उपाय शोधला. आमच्या शाळेतल्या एका बाईंचा आवाज बसतो, त्या गळ्यात छोटा स्पीकर अडकवून शिकवतात. तसाच एक आणला आणि केनवडला, अभ्यासिकेच्या उद्घाटनाच्या दिवशी, भाऊंच्या गळ्यात स्वतःच्या हाताने घातला. "लय भारी," भाऊ म्हणाले. मुलं उठली, मिरवणूक रस्त्याला लागली आणि मी मंडपात खुर्चीवर बसलो. चहा गरम होता. इतका सुखाचा रविवार मला आठवत नव्हता.

चहा संपायच्या आत मुलं परत येऊ लागली. "भाऊ रस्त्यातच उभे हायेत, सर. बोलूनच नाई राह्यले."

मी चरफडत स्कूटी काढली. गावाबाहेर, तुरीच्या वावराशेजारी भाऊ एकटेच उभे होते. गळ्यातला स्पीकर शिटी मारत होता.

"बंद पडला का?"

"नाई. चालू हाये." आवाज सगळ्या तुरीवरून घुमून आला.

"मंग काहून थांबले?"

"मांगं कोनी नाई."

"एवढी पोरं होती की."

"थे जातेतच, सर. समदेच जातेत. त्याईचं काई नाई." त्यांनी चाचपडत स्पीकरचा खटका बंद केला. मग उभ्या जागी, हळू आवाजात बोलू लागले. "शेवटच्या फेऱ्यात मी एकटाच होतो. बाकीचे पोचून फोटो काढून राह्यले होते. पाहनारे उठून चालले होते. मांगून एक गाडी आली, रस्त्यावरचे कठडे उचलनारी. मले वाटलं, आता हा गाडीवाला हॉर्न मारते. मारला असता तं मी बाजूले होऊन बसून गेलो असतो, पायात जीवच नोता. पन त्यानं नाई मारला. माह्या चालीनं आला मांगं, पार शेवटपर्यंत. वळून पाहाची ताकद नोती. त्याचं तोंड बी मी पाह्यलं नाई. निस्ता गाडीचा आवाज."

स्पीकरचा पट्टा मानेवरून सोडवत म्हणाले, "हेच सांगाचं रायते मले भाषणात. तिथपावतर आयकाले कोनी रायत नाई. पन तुमची गाडी रायते मांगं, म्हून जातो मी समोर."

इतके रविवार मी याच भाऊंवर चिडत आलो होतो. त्यांनी स्पीकर काढून माझ्या हातात दिला, तो मी डिकीत टाकला.

"चाला भाऊ," एवढंच म्हणालो आणि गाडी सुरू केली.

ते मंडपाच्या दिशेने वळले. तीच कंबर, तीच चाल. मागून एका ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न लावून धरला होता. मी हात दाखवून त्याला दम धरायला सांगितलं. मंडपात खुर्च्या उचलणं सुरू झालं होतं. भाऊ तिथे पोचेपर्यंत मी स्कूटी त्यांच्या मागेच ठेवली, अगदी जवळ.