हवा बघणारे नाना

आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत नाना शेळके कुणाच्याही घरात सरळ शिरत नसत. उंबऱ्यावर थांबायचे, मान वर करून दोनतीनदा हुंगायचे आणि म्हणायचे, "आदी हवा बगू." मग निकाल लागायचा. "घुसमटलीय" म्हणाले की यजमानाने मुकाट्याने खिडकी उघडायची. एकदा सत्यनारायणाला त्यांनी भटजींनाच धूप आवरता घ्यायला लावला होता. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले, तेव्हा माझ्या बायकोला वाटलं, आमटी करपल्याचं ह्यांना कळलं. ती आत जाऊन रडत बसली.

नाना गोदामात कारकून, मी टाइम ऑफिसात, हजेरीच्या खिडकीशी. श्रीरामपूरच्या बाजाराहून परतताना एसटीतही ते हवा बघूनच जागा धरत, आणि तोवर जागा जात असे. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांना टोकणारं कुणी नव्हतं.

दुष्काळाचं वर्ष होतं. उसाअभावी कारखाना लवकर बंद पडला, तेव्हा बॉयलरच्या पाइपांवरचं जुनं ॲस्बेस्टॉसचं आवरण काढायचं ठरलं. तपासणीला आलेले एक सरकारी साहेब जाता जाता म्हणाले, हे काढताना धूळ फार उडते, छातीला वाईट, लायक माणसाकडून हवा तपासून घेत जा. लायक म्हणजे कोण, हे विचारेपर्यंत त्यांची जीप फाटकाबाहेर गेली.

मॅनेजरांनी केमिस्टला बोलावलं. तो म्हणाला, मी रस तपासतो. डॉक्टर म्हणाले, मी छाती तपासतो, तीही दुखायला लागल्यावर. इंजिनिअरांनी आपला संबंध फक्त वाफेशी असल्याचं सांगितलं. हवा कुणाच्याच खात्यात बसेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, हवा बघणारा माणूस आपल्याकडे आहेच की! सगळे हसले, आणि हसता हसता नानांची नेमणूक होऊन गेली. ती थट्टा होती की हुकूम, हे मला आजही उलगडलेलं नाही.

पहिल्या सकाळी नाना बॉयलर हाउसच्या दारात उभे राहिले आणि हुंगून म्हणाले, "आज न्हाई." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्याही दिवशी. कारण विचारलं तर म्हणत, हवा मनात भरत नाही. केमिस्ट येऊन हुंगून गेला, डॉक्टर हुंगून गेले, मीही हुंगून पाहिलं. मला मळीचा वास आला, पण तो तर आमच्या उशांनाही येतो.

आवरण काढणारे मजूर रोजंदारीवरचे. काम नाही तर रोज नाही. त्यांत नानांचा धाकटा भाऊ साहेबराव होता. वडील गेल्यावर बांधावरच्या एका कडुलिंबावरून दोघांचं फाटलं होतं, आणि एकाच कारखान्यात असून बोलणं तुटलं होतं. साहेबराव माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, "थोरला दावा साधतुय. माजी प्वारं उपाशी ठिवनार ह्यो." मलाही ते पटलं. नानांचा मला भयंकर राग आला.

मॅनेजरांनी निरोप धाडला, उद्या हवा पास झाली नाही तर दुसरा माणूस नेमतो. दुसऱ्या दिवशी नाना आले ते पाण्याच्या दोन बादल्या घेऊन. त्या वर्षी टँकरचं पाणी घरटी तेवढंच मिळे. अंगण झाडायच्या आधी आपण पाणी शिंपडतो की नाही, असं म्हणत त्यांनी आवरण भिजवून काढायला लावलं आणि काम सुरू झालं. मग रोज त्यांचं पाणी तिथेच जायचं. पिण्यापुरता तांब्या शेजारी मागायचे. अंघोळ बंद. आठवड्याभरात कॉलनीच नानांची हवा बघू लागली.

एका दुपारी मी त्यांना गाठलं. इतके दिवस हवेत नेमकं काय दिसत होतं, ते तरी सांगा म्हटलं. नानांनी आत पाहिलं. साहेबराव शिडीवर चढून ओलं आवरण सोलत होता.

"मला हवेतलं काय कळतंय?" नाना म्हणाले. "साहेब बोलला, छातीला वाईट. आन् आत आमचा सायबू जानार हुता."

मघापर्यंतच्या माझ्या रागाची मला लाज वाटली. मी म्हणालो, "अहो नाना, मग हे साहेबरावाला सांगा की. तो भलतंच धरून बसलाय."

नानांनी माझ्याकडे, हा माणूस शुद्धीवर आहे ना, अशा नजरेने बघितलं.

"त्याला कसं सांगू?" ते म्हणाले. "आमचं बोलनं बंद हाय."