गाडी कोण चालवत होतं?

वाहतूक शाखेचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते आणि सरांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. पत्र तसं सभ्य होतं. ‘आपल्या मोटार प्रशिक्षण शाळेचा परवाना रद्द का करण्यात येऊ नये, याबाबत आपले म्हणणे लेखी कळवावे,’ एवढंच त्यात होतं. सरांची पंचाईत झाली होती ती ‘आपले म्हणणे’ या शब्दांपाशी. त्यांना स्वतःचं असं म्हणणं क्वचितच असे. आणि असलंच तर समोरच्याचं म्हणणं ऐकलं की ते पाण्यातल्या साखरेसारखं विरघळून जाई.

रोज जेवण झालं की ते लिहायला बसत. एके दिवशी बायकोने मागून वाकून कागद वाचला.

“‘हवालदारसाहेबांची अडचणही समजून घेण्यासारखी आहे.’ अहो, हे काय लिहिलंय?”

“दोन्ही बाजू मांडायला नकोत का?”

“त्यांची बाजू मांडायला त्यांच्याकडे अख्खं खातं आहे. आपल्या बाजूला तुम्ही एकटे, आणि तेही तिकडेच जाऊन बसलात!”

सरांनी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. दुसऱ्यावर ‘महोदय’च्या पुढे काही सुचलं नाही.

शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, पुस्तकांचं एक कपाट आणि एक गाडी. गाडीच्या टपावर पिवळी पाटी होती आणि शेजारच्या सीटपुढे, पायाशी ब्रेक आणि क्लच यांची जादा जोडी बसवलेली होती. सर तिथे बसत. शिकणारा घाबरला, गोंधळला किंवा नुसताच स्वप्नात गेला की सरांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. घर चालत होतं ते त्या ब्रेकवर. परवाना गेला असता तर या वयात त्यांना दुसरं काहीही करता येण्यासारखं नव्हतं. वाचता येत होतं, पण त्याचे कोणी पैसे देत नाही.

ज्या दिवशी सगळं घडलं, त्या सकाळी स्टिअरिंगवर नर्सच्या गणवेशात सिस्टर होत्या. इस्पितळात ऑपरेशन थिएटरमध्ये काम करून करून त्यांना अशी सवय लागली होती, की समोरचा माणूस म्हणजे टेबलावर आडवा पडलेला पेशंट, आणि त्याने फारसं बोलू नये.

चौक जवळ आला आणि दिवा पिवळा झाला.

“सर, जाऊ?”

“नको.”

“मग थांबू?”

सर ‘थांबा’ म्हणणार, तेवढ्यात एक मोटरसायकलवाला कानाला फोन लावून, डोक्यावर काही न घालता, त्यांच्या नाकासमोरून आडवा गेला. सरांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, पुस्तकात चित्र असतं तशी थांबली. मागची मोठी काळी गाडीही किंचाळत थांबली. तिची काच खाली झाली, आतून सरांच्या मातोश्रींचा उल्लेख झाला, काच वर गेली आणि काळी गाडी त्यांना वळसा घालून लाल दिव्यातून निघून गेली.

झाडाखाली उभ्या असलेल्या हवालदाराने हे सगळं पाहिलं. भर चौकात एवढा आवाज झाला म्हणजे कोणाला तरी पकडणं भाग होतं. मोटरसायकल दिसेनाशी झाली होती. काळ्या काचांच्या आड कोण असतं ते सांगता येत नाही, म्हणून ते विचारायचं नसतं. उरली ती नियमाप्रमाणे उभी असलेली एक गाडी. उभी गाडी पकडायला सोपी.

“ओ काका, बाजूला घ्या. गाडी कोण चालवत होतं?”

“मी,” सिस्टर म्हणाल्या.

“भर रस्त्यात असा ब्रेक मारतात होय?”

“ब्रेक मी मारला,” सर म्हणाले. खरं बोलण्याची त्यांना नेहमीच घाई असे.

हवालदाराने खिडकीतून वाकून त्यांचे पाय पाहिले. “म्हणजे गाडी तुम्ही चालवत होता.”

“नाही, स्टिअरिंग यांच्याकडे होतं.”

“थांबवली कोणी?”

“मी.”

“झालं तर. जो थांबवतो तोच चालवतो.”

“आत्ता तर तुम्ही थांबवलीत,” सिस्टर म्हणाल्या. “मग तुम्ही चालवत होता का?”

इथे खरं म्हणजे हसून प्रकरण मिटलं असतं. पण हवालदार सकाळपासून उन्हात होता आणि बाजूला केळी विकणारा माणूस हसला होता. हवालदाराने दंडाचं यंत्र बाहेर काढलं.

“मशीनमध्ये चालकाचा रकाना एकच आहे. काका, तुमचं नाव घालतो. शेजारच्या सीटवर बसून वाहन चालवणे. आणि बाई, तुम्ही शिकाऊ लायसनवर ना? काका चालवत होते, तर तुम्हाला शिकवत कोण होतं?”

“काकाच!”

“चालवणारा शिकवेल कसा? म्हणजे शिकवणारा नसताना तुम्ही स्टिअरिंगला बसलात. हा दुसरा गुन्हा.”

सरांनी मनातल्या मनात हे नीट तपासून पाहिलं. त्यात कुठे तरी चूक होती खास. पण ती सापडेपर्यंत हवालदार पुढच्या गुन्ह्यावर गेला होता.

“आणि ती काळी गाडी? लाल दिव्यातून गेली ती?” सिस्टरनी विचारलं.

“ते बघायला आम्ही आहोत.”

“मग बघितलीत का?”

“बाई, तुम्ही दवाखान्यात डॉक्टरांना असे उलट प्रश्न विचारता का?”

“रोज विचारते.”

सरांनी भांडण वाढू नये म्हणून समोरच्या कप्प्यातून वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक काढलं. “यात दुहेरी ब्रेकबद्दल एक परिच्छेद आहे. म्हणजे मला वाटतं, आहे. माझ्या वाचण्यात चूकही झाली असेल...”

हवालदाराने पुस्तक घेतलं आणि न उघडता काखेत मारलं. “जप्त.”

“पुस्तक?”

“पुरावा आहे.”

एवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब खाली उतरले नाहीत. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या.

“साहेब, एका गाडीला दोन ड्रायव्हर आहेत.”

“चौकीवर घ्या,” साहेब म्हणाले आणि भुवया खाली आल्या.

पण गाडी चौकीवर न्यायची कोणी? सिस्टर शिकाऊ, त्यांना पोलिसाच्या देखत चालवू देणं बरं दिसत नाही. सर आरोपी, ते गाडी घेऊन पळाले तर? तेव्हा हवालदार स्वतःच स्टिअरिंगवर बसला. सिस्टरना मागे बसवलं. सर सवयीने आपल्या जागेवर जाऊन बसले. दुसरीकडे बसायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. साहेबांची जीप मागे लागली.

पहिला गिअर पडला तेव्हा गाडी ओरडली आणि सर हवालदाराच्या पायांकडे पाहू लागले.

“क्लच जरा पूर्ण दाबलात तर...”

“मला शिकवू नका.”

“नाही, नाही. माझं आपलं...”

“जो तो चालवतो आपल्या पद्धतीने.”

हवालदार आपल्या पद्धतीने चालवत होता. बाजारापाशी त्याने आरशात पाहून टोपी सरळ केली. नेमक्या त्याच वेळी एक वृद्ध गृहस्थ दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पांढऱ्या पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होते. टोपी अजून सरळ होत होती. सरांचा पाय ब्रेकवर गेला.

गाडी जागच्या जागी थांबली. हवालदार थांबला नाही. त्याचं नाक स्टिअरिंगवर आपटलं. मागून साहेबांची जीप येऊन धडकली, टपावरची पिवळी पाटी उडून पुढे पडली आणि ते वृद्ध गृहस्थ तिला वळसा घालून, मान वर न करता पलीकडे निघून गेले.

सिस्टर मागच्या सीटवरून पुढे झेपावल्या. “मान मागे टाकू नका! पुढे, पुढे. नाक चिमटीत धरा. तोंडाने श्वास घ्या. रडायचं नाही.”

“बी रडत डाहीये,” हवालदार म्हणाला.

“मग हे डोळ्यांतून काय येतंय?”

साहेब आता मात्र खाली उतरले. त्यांनी आधी जीपचा चेपलेला पत्रा पाहिला, मग हवालदाराचं नाक. पत्रा पाहताना त्यांना जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

“ब्रेक कोणी मारला?”

“मी,” सर म्हणाले.

चौकीत जबाब लिहिला गेला. सरांनी स्वेच्छेने व पूर्ण शुद्धीत ब्रेक दाबून कर्तव्यावरील हवालदाराच्या नाकास इजा केली, सरकारी कामात अडथळा आणला आणि सरकारी जीपचं नुकसान केलं, असं त्यात होतं. सरांनी तो लक्षपूर्वक वाचला. अक्षर वळणदार होतं.

“यात काही खोटं आहे?” साहेबांनी विचारलं.

“खोटं असं नाही. पण रस्ता ओलांडणाऱ्या त्या गृहस्थांचा उल्लेख राहिलाय.”

“त्यांना काय झालं?”

“काही नाही.”

“मग उल्लेख कसला? ज्याला काही झालंच नाही त्याची नोंद कशी घेणार?”

सरांना हेही पटल्यासारखं झालं. त्यांनी सही केली.

बाहेर आल्यावर सिस्टर त्यांच्यावर तुटून पडल्या. “सही कशाला केलीत?”

“त्यांनी लिहिलंय तसंच घडलं ना, सिस्टर.”

“तसंच घडलं, पण तसं नाही घडलं!”

सरांनी मान डोलावली. त्यांना तेही पटलं होतं.

गाडी चौकीच्या अंगणात अडकून पडली. शिकायला येणारे काही दिवस चौकशी करत राहिले, मग नदीपलीकडच्या मोठ्या शाळेत जाऊ लागले. तिथे म्हणे खोलीत गारवा होता. सिस्टर अधूनमधून फोन करून “उत्तर गेलं का?” विचारत आणि शिव्या आवरून फोन ठेवत. बायको आता काही विचारत नसे, ते सरांना जास्त लागे. पत्र टेबलावर पडून होतं.

मग एका दुपारी हवालदार शाळेत आला. अंगात साधा शर्ट होता, नाकावर पट्टी होती. तो शिकणाऱ्यांच्या बाकावर, अगदी कडेला बसला.

“सर, पाणी मिळेल?”

‘काका’चे ‘सर’ झालेले पाहून सरांना उगाच संकोच वाटला. त्यांनी पाणी दिलं.

“नाक कसं आहे?”

“नाकाचं सोडा हो. वरून मलाही पत्र आलंय. जीपच्या खर्चाची चौकशी लागलीय. म्हणतात, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं ते लिहून द्या.”

“मग? तुम्ही चालवत होता.”

हवालदाराने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “माझ्याकडे फक्त दुचाकीचं लायसन आहे.”

सर उभेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असा धक्का बसला नव्हता. “अहो, पण तुम्ही चालवलीत की!”

“तेच तर लिहायचं नाही. तुम्ही आपलं लिहून टाका, ‘गाडी मी चालवत होतो’ म्हणून. तसं बघितलं तर खोटं नाही. ब्रेक तुमच्याच पायाखाली होता. चौकातच ठरलं होतं ना आपलं?”

“पण मग माझा परवाना जाईल.”

“तो जाणारच आहे, सर.” हवालदार समजुतीच्या सुरात बोलू लागला. “राग मानू नका, पण एक खोली, एक जुनी गाडी. हल्ली कोण विचारतं अशा शाळेला? तुमचंही वय झालं. उद्या बंद पडायची ती आज पडली, एवढंच. माझी नोकरी आहे. घरी माणसं आहेत.”

सरांनी सवयीप्रमाणे त्याची बाजू समजून घेतली. त्यांना ती पूर्ण समजली. नोकरी, घरची माणसं, चौकातलं ऊन, जीपचा खर्च, सगळं दिसलं. मग आता आपलं म्हणणं विरघळेल म्हणून ते थोडा वेळ वाट पाहत बसले. ते विरघळलं नाही.

त्यांनी कोरा कागद ओढला. ‘महोदय’ लिहिलं आणि या खेपेला लेखणी पुढे गेली. ‘अपघाताच्या वेळी गाडी हवालदार चालवत होते. त्यांच्याकडे मोटारीचा परवाना नाही, असे त्यांनीच मला सांगितले. समोर माणूस होता, म्हणून ब्रेक मी मारला.’ खाली सही केली. पुन्हा वाचलं. खोडावं असं काही सापडेना.

“झालंसुद्धा?” हवालदार खूश झाला. “बरं केलंत. थोडक्यातच बरं असतं.”

“तुम्ही एकदा वाचून बघा,” सरांनी कागद पुढे केला. “मी खरं तेच लिहिलंय.”

“अहो, खरंच लिहायचं! आणि वाचायचं काय त्यात? तुमच्यासारख्या माणसावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?”

“तरी पण. नंतर तुम्हाला वाईट वाटायला नको.”

“तुम्ही म्हणजे ना, फार विचार करता.” हवालदाराने कागद घडी करून टेबलावरच्या पत्ता घातलेल्या पाकिटात घातला, जिभेने तिकीट ओलं करून चिकटवलं आणि वर मूठ आपटली. “द्या, मीच टाकतो. तुमच्याकडून राहून जाईल.”

सरांनी तोंड उघडलं. पण हवालदार पायऱ्या उतरून गेला होता. पोस्टाची पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. अंगावर वर्दी नसतानाही त्याने हात वर करून दोन्ही बाजूंची वाहनं थांबवली, रुबाबात रस्ता ओलांडला आणि पाकीट पेटीत सोडलं. आत नीट पडलं की नाही, ते वाकून पाहिलं. मग वळून त्याने सरांना हात केला.

सरांनीही दारातून हात केला. न करणं बरं दिसलं नसतं.