वेंकोबारावांचे पट्टे

आमच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर वेंकोबाराव घरच्या झोपाळ्यावरसुद्धा पट्टा बांधून कॉफी पीत. तमिळ मुलखातलं आमचं गाव; तिथल्या जुन्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही शेजारी. मी हसलो की म्हणत, "हसा सार. ब्रेक सांगून लागत नाही."

मी शाळेचा हेडक्लार्क. बसगाड्याही माझ्याच ताब्यात. आमच्या जुन्या बसला सीट बेल्ट नव्हते. वेंकोबारावांनी जुनी वेष्टी, म्हणजे धोतरं, फाडून दुहेरी शिवून अठ्ठावीस पट्टे केले. बकलं चांभाराकडून, जुन्या दप्तरांची. प्रत्येक पट्ट्याचा काठ वेगळा. त्यावरून पोरं भांडत.

"हिरवा माझा!"

"राव, हिरवा काल तुम्ही बांधलात. आज जांभळा बांधा." पाच वर्षांच्या पोरालाही ते राव म्हणत आणि पोरीला बाईसाहेब. सगळी बकलं स्वतः ओढून पाहिल्याशिवाय गाडी हलत नसे. मागे हॉर्न वाजले तर खिडकीतून डोकं काढून तमिळमध्ये विचारत, "तुमचं पोर यात आहे का? नाही? मग थांबा."

दर उन्हाळ्यात, शाळा उघडण्याआधी, सरकारी अधिकारी बसगाड्या तपासतात. त्या वर्षी मी म्हणालो, "या चिंध्या काढा. शाळेची शोभा जाते."

"बेल्ट नाहीत म्हणून चिंध्या आहेत, सार."

मी पट्टे काढायला लावले आणि माझ्या कपाटात कुलूपबंद केले. तपासणी झाली. शाळा उघडली. वेंकोबाराव रोज सकाळी ऑफिसच्या दारात येत.

"सार, किल्ली?"

"साहेब पुन्हा येतील. उद्या बघू."

चौथ्या दिवशी पापनाशमच्या रस्त्यावर भाताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. ब्रेक लागला. धडक झाली नाही. पण यूकेजीतली, म्हणजे मोठ्या शिशुवर्गातली, पाच वर्षांची मित्रा पुढच्या दांड्यावर आपटली. हनुवटीला टाके पडले, वरचे दोन दात गेले.

संस्थाचालकांनी आम्हा दोघांनाही बोलावलं. "पट्टे कुठे होते?"

माझ्या खिशात किल्ली होती.

"धुवायला घरी नेले होते," वेंकोबाराव म्हणाले. "आणायला विसरलो."

त्यांना काढून टाकलं. चार महिन्यांनी मी हार घालून घेऊन निवृत्त झालो. शाळेच्या फायलीत आजही लिहिलेलं आहे: ड्रायव्हरचा निष्काळजीपणा. अक्षर माझं आहे. ते खोटं आहे. पट्टे मी काढले, मी कोंडले. हेच शाळेलाही लिहून कळवलं आहे.

पत्र टाकून परवा त्यांच्या घरी गेलो. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्यांनी कॉफी केली. मी सगळं सांगितलं आणि विचारलं, "तेव्हा खरं का नाही बोललात?"

"तुमची पेन्शन अडली असती. मला काय, एका पोटाचं बघायचं. ते राहू द्या, सार. मित्राबाईसाहेबांचे ते दुधाचेच दात होते, ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. त्या पोरीला पाहायला मी एकदाही गेलो नव्हतो.

"नवे आले," तेच म्हणाले. "दर रविवारी तिच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचो. समोर जायचं धाडस नव्हतं. एकदा ती मैत्रिणीशी बोलताना मोठ्यानं हसली. दोन्ही दिसले. मग जाणं बंद केलं."