अण्णांची जाळी

शिंक आली की अण्णा आधी खाली बसतात. दोन्ही हातांनी पोट दाबतात आणि समोरच्याला बजावतात, "थांबा जरा. आत जाळी हाय."

ही जाळी हर्नियाच्या ऑपरेशनात बसवलेली, बारा वर्षांपूर्वी. अण्णा आमच्या तलवाड्यात जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. आता रिटायर आहेत. बायको गेली, लेक पुण्यात. मी समोरच राहते, शाळेत शिकवते. रोज ऐन घाईत त्यांची हाक ठरलेली.

"ओ बाई, हंडा तेवढा ओट्यावर ठेवा. डॉक्टरनं वजन उचलू न्हाई म्हणलंय."

मी कुरकुरत ठेवायची. मग चहा आलाच, आणि चहाबरोबर कुठल्या तरी अडलेल्या म्हशीची गोष्ट. हेडमास्तरांची बोलणी मी खायची, ती या म्हशींपायी.

यंदा त्यांच्या सदऱ्यावर ओला डाग दिसायला लागला. विचारलं तर म्हणाले, "जुनी शिवण पाझरतीय जरा. बैलाच्या खांद्याला ह्याहून लई मोठी जखम बघितलीय मी." महिनाभर हा माणूस स्वतःच धुऊन पट्टी बांधत होता! गाडी केली आणि बीडला त्याच जुन्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "इतक्या वर्षांनी जाळीत पू होणं क्वचितच घडतं. पण घडतं. जाळी काढावी लागेल. पुढच्या आठवड्यात भरती व्हा."

"वजन उचलल्यानं झालं का?" मला धाकधूक. मधे दोन दिवस मी माहेरी गेले होते, तेव्हा हंडा त्यांनीच उचलला असणार.

"छे, वजनाचा काय संबंध? तीन महिन्यांनी सगळं उचला, असं तेव्हाच सांगितलं होतं यांना."

अण्णा छताकडं बघत बसले. माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं! परतीच्या वाटेत गेवराई मागं पडल्यावर अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "पहाटं मीच वर ठेवतो हंडा. तुमचं दार वाजलं की खाली घेतो."

"कावून पण, अण्णा? कशासाठी?"

"हंडा नसला तर तुमी कशाला येताल?"

लई वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली नाही. शाळेची वेळ झाली, तरी नाही. शेवटी मीच गेले. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते. हंडा भरलेला, ओट्यावर.

मी तो खाली उतरवला. मग परत वर ठेवला.

"ठेवला, अण्णा. चहा टाका."