साठ दिवसांची यादी

उत्तमराव गेले तो सोमवार होता. सकाळी ते ड्यूटीवर गेले. दुपारी त्यांच्या ऑफिसातून फोन आला तेव्हा मी शाळेच्या वाचनालयात कामावर होते. संध्याकाळी मी घरी आले. बॅग दाराजवळ होती.

या बॅगेबद्दल सांगायला हवं. बहारीनला, जुफैरमधल्या आमच्या फ्लॅटच्या दाराशी ती बारा महिने भरून ठेवलेली असायची. येणारा प्रत्येक पाहुणा तिला अडखळायचा आणि विचारायचा, "कुठे निघालात?" उत्तमराव चहा ढवळत म्हणायचे, "ते विमान ठरवेल."

माझे यजमान मूळचे नांदेडचे. तरुणपणी बहिणीकडे अमेरिकेला गेले, तिथल्या नौदलात भरती झाले आणि वीस वर्षं जहाजांवरची एसी-फ्रिजं दुरुस्त करून निवृत्त झाले. मग इथल्या अमेरिकी तळावर तेच काम साध्या कपड्यांत करू लागले, आणि नांदेडहून मी आणि आमची मुलगी अस्मिता बहारीनला आलो. नौदलाने त्यांना पेन्शन दिली, गुडघेदुखी दिली आणि एक सवलत दिली. लष्करी विमानात सामान चढवून जागा उरली, तर निवृत्त माणसाला कुटुंबासह त्या जागेवर बसता येतं. मात्र यादीत त्याचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. आधी नाव लावायचं. ते साठ दिवस टिकतं. मग विमानतळावर जाऊन बसायचं आणि नाव पुकारतात का ते ऐकायचं.

या सवलतीने त्यांचा स्वभावच बनवला. ते कशाचंही बुकिंग करत नसत. ईदच्या गर्दीतही हॉटेलबाहेर आम्हाला उभं करून म्हणत, "नाव लावून ठेवलंय. कोणीतरी जेवून उठेलच की." दाताच्या डॉक्टरकडे वेळ न घेता जात आणि तिथेच डबा खात. बुद्धजयंतीच्या कार्यक्रमात सगळे बसेपर्यंत मागे उभे राहत, मग उरलेल्या खुर्चीवर असे ऐटीत बसत, जणू ती त्यांच्यासाठीच आणली होती. यादीतलं नाव मात्र पंचावन्नाव्या दिवशी न चुकता पुन्हा लावत. लग्नाचा वाढदिवस विसरत, पंचावन्नावा दिवस कधीच नाही.

अस्मिता कॉलेजसाठी अमेरिकेला जायची होती, त्या ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर केलं की ती जाण्याआधी आपण जपान बघायचं. कामाकुराचा उघड्यावर बसलेला बुद्ध बघायचा. हातात पंधरा दिवस होते.

"बाबा, नॉर्मल लोक तिकीट काढतात," अस्मिता इंग्रजीतून म्हणाली.

"नॉर्मल लोकांना विमान कुठे जाणार ते आधीच माहीत असतं," ते मराठीतून म्हणाले. "त्यात काय मजा?"

लष्करी विमानात थंडी फार, म्हणून स्वेटर घालूनच निघायचं असा त्यांचा दंडक. ऑगस्टमधलं बहारीन, आणि टॅक्सीत आम्ही तिघं लोकरी स्वेटर घालून बसलेलो. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं आणि न सांगता एसी वाढवला. बॅगेत घोंगडी, कानात घालायचे बोळे आणि शेंगदाण्याची चटणी.

पहिल्या दिवशी आमचं नाव पुकारलं नाही, असं काउंटरवर जाऊन आलेल्या उत्तमरावांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोज स्वेटर घालून जायचं, घामाघूम होऊन परत यायचं. खालचा पहारेकरी आम्हाला "वेलकम बॅक फ्रॉम जपान" म्हणू लागला. उत्तमराव त्याला म्हणत, "उद्या इंशाल्ला."

पाचव्या दिवशी ते पाणी आणायला गेले असताना मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं की आमचा नंबर यायला अजून किती दिवस लागतील. त्यांनी यादी बघितली. म्हणाल्या, तुमचा नंबर दोनदा आला, दोन-दोन जागा होत्या, तुमच्या मिस्टरांनी नको म्हणून सांगितलं.

नौदलाचं कार्ड त्यांचं. ते विमानात असल्याशिवाय आम्हाला जागा मिळत नाही. म्हणजे दोन जागांत ते आणि आमच्यापैकी एक.

ते परत आले. मी म्हटलं, "अहो, पोरीचे दिवस संपत आलेत. तिला घेऊन जा. मी घरी वाचत बसेन. मला काय, पुस्तकातही जपान दिसतं."

ते बॅगेचा पट्टा ओढत राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, जहाजावर होतो तेव्हा तुम्ही फोटो पाठवायच्या. वाढदिवस, शाळेचा पहिला दिवस, दात पडलेला. प्रत्येक फोटोत दोघीच. आता दोघांचा फोटो नको मला. तिघं जाऊ, नाहीतर मफी, कोणीच नाही."

अस्मिता शेजारीच बसली होती. फोन बघत होती. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला आणि स्वेटरची बटणं लावली.

आठव्या दिवशी तीन जागा मिळाल्या. विमानाच्या भिंतीला पाठ लावून बसायचं, समोर साखळ्यांनी बांधलेली खोकी. आवाज इतका की बोलणं शक्य नाही. उत्तमराव आमच्या मधे बसले. वाटेत एकदा विमान बदललं, तिथेही दीड दिवस बाकावर काढला. जपानमध्ये आम्हाला अडीच दिवस मिळाले. ते सांगत, "दिवस तरी उरले ना!"

कामाकुराला पाऊस भुरभुरत होता. बुद्धाभोवतीचं देऊळ फार पूर्वी समुद्राच्या लाटेत वाहून गेलं, तेव्हापासून तो उघड्यावर बसला आहे, असं मी वाचलं होतं, ते सांगितलं. उत्तमरावांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, याला म्हणतात कन्फर्म सीट."

एका जपानी आजीबाईंनी आमचा फोटो काढला. तिघांचा.

ते गेले त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी यादीत पुन्हा नावं लावली होती. अस्मिता सुट्टीत यायची होती. त्यांच्या कार्डाशिवाय त्या यादीचा आम्हाला उपयोग नव्हता, तरी मी ती नावं काढायला कुणाला सांगितलं नाही. अस्मितानेही नाही. ती आली, राहिली, परत गेली.

काल साठ दिवस झाले. नावं आपोआप निघाली.

बॅग दाराजवळ आहे. तीत तीन स्वेटर आहेत.